मार टेस्ट

आमच्या रजिस्टरमध्ये ‘मार टेस्ट’ असं लिहिलेलं असतं, आणि ते पहिल्यांदा वाचणारा नवरा हमखास विचारतो, “मार? म्हणजे काय करणार?” सांगलीतल्या एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या लॅबमध्ये मी १७ वर्षं सीमेन तपासते आहे. या प्रश्नाला मी अजून एकदाही तोंडावर हसलेले नाही. बिचारा आधीच कागदात गुंडाळलेली डबी खिशात लपवून आलेला असतो. मार म्हणजे एमएआर, ‘मिक्स्ड अँटिग्लोब्युलिन रिअ‍ॅक्शन’. शुक्राणूंवर प्रतिपिंडं, म्हणजे परक्याला धरायला शरीर बनवतं ती प्रथिनं, बसलीत का ते या टेस्टमध्ये बघतात.

गेल्या महिन्यात आलेलं जोडपं (तपशील बदललेत) सासूबाईंना घेऊन आलं होतं. लग्नाला पाच वर्षं. हिचे सगळे रिपोर्ट चांगले, त्याचा शुक्राणूंचा काउंट चांगला. सासूबाई माझ्याच टेबलाशी येऊन सांगायला लागल्या, “पत्रिकेत एक नाड आली व्हती बघा, तवा ह्यांनी कुणाचं ऐकलं न्हाई.” त्यावर मुलगा म्हणाला, “नाडीचं काही नाही मॅडम, आमचा दोघांचा रक्तगट एकच आहे, त्यामुळे असेल का?” सून काही बोलली नाही, पर्सची चेन उघडत-मिटत बसली होती.

रक्तगट सारखा असल्यानं दिवस राहायचे थांबत नाहीत. हे मी आठवड्यातून दोनदा तरी सांगते. आरएच निगेटिव्हची भानगड वेगळी आहे, ती दिवस राहिल्यानंतरची. आणि एक नाडीबद्दल मी बोलतच नाही, कारण बोलले की आवाज चढतो.

त्याचा सँपल मी नुसताच स्लाइडवर पाहिला तेव्हा काउंट भरपूर दिसला, पण शुक्राणू मोकळे पोहत नव्हते. पाच-सहा, पाच-सहा जणांचे पुंजके होते, एकमेकांना चिकटलेले. डॉक्टरांनी मार टेस्ट लिहिली.

टेस्ट अगदी साधी आहे. ताजा सँपल १० मायक्रोलिटर, प्रतिपिंडांचा थर दिलेले लॅटेक्सचे बारीक मणी १० मायक्रोलिटर, आणि मणी न् शुक्राणू यांना जोडणारं द्रव १० मायक्रोलिटर. कव्हरस्लिप ठेवायची, तीन मिनिटांनी बघायचं, दहा मिनिटांनी पुन्हा बघायचं. अंगावर प्रतिपिंडं नसलेला शुक्राणू मण्यांच्या गर्दीतून सरळ निघून जातो. असलेल्याला मणी चिकटतात, एक, दोन, कधी चार. मोकाट गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात ना, तसा तो ते मणी घेऊन चालतो. असे २०० हलते शुक्राणू मोजायचे. निम्मे किंवा जास्त मणीवाले निघाले तर आम्ही भुवया उंचावतो.

यात एक मेख आहे, आणि ती मी फजिती करून घेऊन शिकले. शेपटीच्या अगदी टोकाला चिकटलेला मणी मोजायचा नसतो, तसा तो चांगल्या बापांच्या सँपलमध्येही दिसतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ते सगळे मोजले आणि ६४ टक्के असा रिपोर्ट टेबलावर नेऊन ठेवला. आमच्या सीनियर बाईंनी शंका आली म्हणून पुन्हा मोजले तर भरले १८. “शेपटीच्या टोकाचा मणी म्हणजे निऱ्यांना लागलेलं कुसळ,” त्या म्हणाल्या. “त्यानं बाई चालायची थांबते का?” रिपोर्ट अजून पेशंटच्या हातात गेला नव्हता, म्हणून निभावलं.

आता ही प्रतिपिंडं येतात कुठून? आपलं कोण आणि परकं कोण हे शरीर आईच्या पोटात आणि तान्हेपणी शिकून घेतं. शुक्राणू तयार व्हायला लागतात वयात आल्यावर, म्हणजे हजेरी घेऊन झाल्यावर वर्गात शिरलेली पोरं. त्यांना सांभाळायला वृषणात सर्टोली पेशींची भिंत असते, पेशीला पेशी अशी घट्ट चिकटलेली की रक्तातल्या शिपायांना आत डोकावता येत नाही. मार लागला (हा खरा मार), वृषणाला पीळ पडला, नसबंदी झाली, की भिंतीआडचं बाहेर येतं. नसबंदी केलेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांत पुढे ही प्रतिपिंडं सापडतात. वंध्यत्व असलेल्या पुरुषांत ती असतात हे १९५४ मध्ये हॉलंडमध्ये र्‍यूमके आणि अमेरिकेत विल्सन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं.

मला मात्र शुक्राणूच्या अंगरख्याचं जास्त कौतुक आहे. वृषणातून निघालेला शुक्राणू दिसतो पुरा, पण तयार नसतो. पुढच्या गुंडाळलेल्या नळीतून, एपिडिडिमिसमधून जाताना त्याच्या अंगावर सीडी५२ नावाचं प्रथिन चढतं. प्रथिन कसलं, जेमतेम १२ अमिनो आम्लांचा तुकडा, चरबीच्या खुंटीला टांगलेला आणि वर साखरेच्या साखळ्यांचं ओझं. हेच सीडी५२ आपल्या लिम्फोसाइट्सवरही (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) असतं, तिथं साखर वेगळी.

शिवाय चिलखत आहेच. बाईच्या शरीरात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात, ती परक्या पेशीला भोकं पाडतात. शुक्राणू तर तिथं शंभर टक्के परका. म्हणून त्याच्या अंगावर सीडी५९ असतं, ते भोक पुरं होऊ देत नाही, आणि सीडी५५ त्याच्या आधीच्या पायरीवर हल्ला मोडतं. तिसरं सीडी४६ डोक्याच्या आतल्या पडद्यावर दडवलेलं असतं. बीजाशी भिडायच्या वेळी डोक्यावरची टोपी गळून पडते आणि तेव्हाच ते उघडं होतं. हेच सीडी४६ इतर पेशींवर लशीतल्या गोवराच्या विषाणूला आत घेणारं दारही असतं.

एवढं सगळं असून प्रतिपिंडं बसली की बाजी उलटते. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या चिकट स्रावात प्रतिपिंडाचं एक टोक शुक्राणूला आणि दुसरं स्रावाला धरतं. शुक्राणू मरत नाही. जागच्या जागी थरथरत राहतो, चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकासारखा.

प्रतिपिंडं बायकांतही होतात. जपानमध्ये इसोजिमा यांच्या गटानं १९८७ मध्ये अशाच एका मूल न होणाऱ्या बाईच्या पेशींपासून प्रतिपिंड बनवणारी पेशींची ओळ तयार केली. ते प्रतिपिंड नेमकं शुक्राणूवरच्या सीडी५२ ची साखर पकडतं, लिम्फोसाइटला हातही लावत नाही. आता अमेरिकेत तेच प्रतिपिंड तंबाखूच्या जातीच्या रोपांत तयार करून योनीत ठेवायची विरघळणारी पट्टी केली आहे, गर्भनिरोधक म्हणून. पहिल्या छोट्या चाचणीत स्रावात पुढं सरकणारे शुक्राणू जवळपास शून्यावर आले. एकीला जे नको होतं तेच दुसरीला हवं! हे वाचलं त्या दिवशी मी डबा खायची विसरले होते.

असो. त्या मुलाचे दोनशेत १७२ निघाले, ८६ टक्के. मणी शेपटीच्या टोकाला नव्हते, डोक्यावर आणि मानेवर होते. लहानपणी कधी तिथं लागलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तो जरा वेळानं म्हणाला, “आठवीत. क्रिकेटचा बॉल. घरी सांगितलं नव्हतं.” सासूबाई बाहेरच्या बाकावर होत्या ते बरंच झालं.

धुऊन काढता येईल का, असं त्यानं विचारलं. घट्ट बसलेली प्रतिपिंडं धुऊन जात नाहीत. पूर्वी स्टेरॉइड देऊन बघत, पण दुष्परिणामांच्या मानानं हाती फार लागत नसे. एवढे बांधलेले असतील तर इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं थेट बीजात सोडायचा. तिथं त्याला पोहावंच लागत नाही. खर्चाचा आकडा ऐकून दोघं थोडा वेळ गप्प होते.

निघताना सून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मला बघता येईल?” मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि आयपीसला डोळे लावले. फोकस तिच्या डोळ्यांना जुळवून दिला.

“ओढतायत तरी,” ती म्हणाली.

स्लाइड निळ्या डब्यात टाकायची वेळ झाली होती. मी पाच मिनिटं दुसरी कामं केली.