तुम्ही विचारलंत म्हणून : स्टाइनवे नक्की कुणाचा?

पियानो ट्यून करायला कुणाच्याही घरी गेलो की हत्यारांची पिशवी उघडायच्या आत एक प्रश्न ठरलेला असतो. "काय हो, स्टाइनवे कंपनीचे पियानो जर्मन की अमेरिकन?" 'दोन्ही' एवढं म्हटलं तरी विचारणाऱ्याचं समाधान होतं, कारण त्याला तेवढंच हवं असतं. माझं मात्र होत नाही. ही गोष्ट पियानोची कमी आणि आडनावाची जास्त आहे, आणि त्या आडनावाचं जे काही झालं ते दोन शब्दांत मावणारं नाही.

जर्मनीच्या मधोमध हार्ट्स नावाचा गर्द रानाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या वोल्फ्सहागेन गावात १७९७ साली हाइनरिश एंगेलहार्ड स्टाइनवेग जन्मला. 'स्टाइन' म्हणजे दगड, 'वेग' म्हणजे वाट. राहत्या जागेवरून पडलेली अशी आडनावं जर्मनीत ढिगानं सापडतात. संगीतकार बाखचं आडनावही तसलंच, त्याचा अर्थ ओढा. थोडक्यात, स्टाइनवेग या नावात राजेशाही असं काही नव्हतं. हाइनरिश सुतारकाम शिकला, जवळच्या सेझेन गावी स्थिरावला, १८२५ साली त्यानं लग्न केलं आणि वाद्यं बनवायला लागला. १८३६ साली त्यानं आपला पहिला ग्रँड पियानो घरच्या स्वयंपाकघरात जोडला, असं कंपनी मोठ्या कौतुकानं सांगते. ग्रँड पियानो केवढा असतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या घरातल्या बाईची, यूलियानाची, आधी आठवण येईल.

१८४८ची क्रांती फसली, धंदा बसला. मुलगा कार्ल १८४९ साली एकटाच न्यूयॉर्कला गेला आणि तिथून त्यानं घरच्यांना बोलावून घेतलं. १८५०च्या उन्हाळ्यात हाइनरिश, बायको आणि मुलं हाम्बुर्गहून 'हेलेने स्लोमान' या आगबोटीनं निघाली. अटलांटिक ओलांडणाऱ्या जर्मन आगबोटींमधली ही पहिली, आणि तिची ही पहिलीच सफर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती समुद्रात बुडाली. स्टाइनवेग मंडळी जूनमध्येच सुखरूप उतरली होती. एक जण मात्र मागे राहिला : थोरला मुलगा थिओडोर. तिकडचा कारखाना त्याच्याकडं सोपवलेला होता. पुढचं सगळं रामायण या एका माणसाच्या मागं राहण्यातून घडलं.

इथं मला मधेच थांबवून कुणीतरी हटकून म्हणतं, "म्हणजे त्या बेटावरच्या कारकुनानं नाव चुकीचं लिहिलं, बरोबर?" एलिस बेटाची, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरात परदेशातून येणाऱ्यांची तपासणी होई त्या ठाण्याची, ही कथा सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ती इथं साफ गैरलागू आहे. एलिस बेटावरचं ठाणं सुरू झालं १८९२ साली. त्याआधीचं कॅसल गार्डनचं ठाणंसुद्धा १८५५चं. १८५० साली यातलं काहीच नव्हतं. शिवाय एलिस बेटावरचे कारकून नावं लिहीत बसत नसत. बोटीवरून आलेल्या प्रवाशांच्या यादीशी ती ताडून पाहत. ती यादी बोट कंपनीची माणसं निघतानाच करून ठेवत. परदेशी कारकुनाच्या माथी नामांतर मारणं नातवंडांना सोयीचं पडतं, एवढंच.

स्टाइनवेगांनी नाव बदललं ते स्वतःच्या हातानं आणि धंद्याचा पुरता विचार करून. न्यूयॉर्कला आल्यावर बापलेकांनी लगेच दुकान थाटलं नाही. तीन वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत मजुरी केली, तिकडची पद्धत, लाकूड, गिऱ्हाईक समजून घेतलं. मग मार्च १८५३ मध्ये पाटी लावली : 'स्टाइनवे अँड सन्स'. आपल्या लक्ष्मी रोडवरही 'अँड सन्स'च्या पाट्या कमी नाहीत, पण त्यात निदान आडनाव तरी खरं असतं! इथं पाटी आधी बदलली आणि घरच्यांची आडनावं सरकारदरबारी १८६४ साली. दगड तसाच ठेवला आणि वाट तेवढी इंग्रजी केली. त्याच ओघात हाइनरिशचा हेन्री झाला, कार्लचा चार्ल्स, आणखी एक मुलगा विल्हेल्म याचा विल्यम.

नाव बदलणारी माणसं आपलं सगळंच सोडून देतात असा एक समज असतो. विल्यमचं उदाहरण त्याच्या अगदी उलट आहे. एप्रिल १८६१ पासून १८९६ साली वारेपर्यंत त्यानं रोजनिशी लिहिली, ती इंग्रजीत. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. पण हाच विल्यम न्यूयॉर्कच्या 'लीडरक्रान्स' या जर्मन गायनमंडळाचा वर्षानुवर्षं अध्यक्ष होता. १८७०च्या सुमारास त्यानं क्वीन्समध्ये जमीन घेऊन कारखान्याभोवती कामगारांची अख्खी वसाहत उभी केली आणि तिथल्या शाळेत जर्मन शिकवायची सोय केली. त्या भागातला स्टाइनवे स्ट्रीट अजून आहे. आता तिथं इजिप्तहून आलेल्यांची उपाहारगृहं आणि हुक्क्याची दुकानं आहेत.

पाटी बदलली तरी जर्मनीचा एक धागा त्यांनी तोडला नाही. न्यूयॉर्कच्या कंपनीनं विकलेल्या पहिल्या पियानोचा क्रमांक एक नाही, ४८३ आहे, कारण आधीचे ४८२ सेझेनमध्ये झालेले म्हणून धरले. मला हे फार आवडतं. पियानोचा क्रमांक आतल्या लोखंडी चौकटीवर, ट्यूनिंगच्या खुंट्यांच्या आसपास असतो आणि आम्ही ट्यूनर मंडळी आधी तिकडं टॉर्च मारतो. वर्ष कळतं ते त्यावरून. झाकणावरच्या अक्षरांवर कोण विश्वास ठेवतो?

आता मागं राहिलेल्या थिओडोरकडं येऊ. त्यानं कारखाना आधी वोल्फेनब्युटेलला आणि मग १८५९ साली ब्राउनश्वाइगला नेला. चांगलं चाललं होतं. पण मार्च १८६५ मध्ये, एकाच महिन्यात, अमेरिकेतले त्याचे दोन भाऊ गेले. बापाचंच नाव लावणारा हेन्री क्षयानं, आणि चार्ल्स विषमज्वरानं. तोही कुठं, तर थिओडोरला भेटायला ब्राउनश्वाइगला आला असताना. म्हाताऱ्या बापानं थोरल्याला बोलावून घेतलं. थिओडोरला जायचं नव्हतं असं म्हणतात, पण गेला. जाताना कारखाना विकला तो आपल्याच तीन सहकाऱ्यांना : ग्रोट्रियान, हेल्फेरिश आणि शुल्त्स. सोबत नाव वापरायची मुभाही दिली. पाटी झाली 'थ. स्टाइनवेग नाखफोल्गर', म्हणजे थ. स्टाइनवेग यांचे उत्तराधिकारी.

गंमत इथं सुरू होते. ज्यांचं आडनाव जन्मानं स्टाइनवेग, ते सगळे समुद्रापलीकडं स्टाइनवे झाले. आणि जर्मनीत स्टाइनवेग हे नाव पियानोवर मिरवायला लागले ते ग्रोट्रियान. पहिल्या महायुद्धानंतर तर ग्रोट्रियान कुटुंबानं स्वतःचं आडनावच कायद्यानं 'ग्रोट्रियान-स्टाइनवेग' करून घेतलं. रक्ताचा संबंध शून्य. त्यातच १८८० साली थिओडोर आणि विल्यमनं हाम्बुर्गला कारखाना काढला. तीस वर्षांपूर्वी ज्या बंदरातून स्टाइनवेग म्हणून कुटुंब निघालं, त्याच बंदरात नाव परतलं ते इंग्रजी होऊन. म्हणजे जर्मनीतच दोन कारखाने, एक स्टाइनवे, एक स्टाइनवेग, आणि मूळ नाव बिनरक्ताच्यांकडं. दुसऱ्या महायुद्धात तर नाझी सरकारनं हाम्बुर्गचा कारखाना अमेरिकन मालकीचा म्हणून शत्रूची मालमत्ता ठरवला.

मी एका जुन्या बंगल्यात गेलो होतो. आजोबांनी घेतलेला 'स्टाइनवे' दाखवायला मालकीणबाई उत्साहानं पुढं. झाकण उघडलं तर आत पितळी अक्षरं : ग्रोट्रियान-स्टाइनवेग, ब्राउनश्वाइग. दमटपणानं दोन अक्षरांवर हिरवट डाग चढलेले. बाई म्हणाल्या, "स्पेलिंग चुकलंय का हो? डुप्लिकेट तर नाही ना?" डुप्लिकेट कसला, उत्तम वाद्य होतं, खुंट्या शंभर वर्षांनीही घट्ट! पण त्यांचा चेहरा उतरलेला बघून मला अमेरिकेतला खटला आठवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रोट्रियान अमेरिकेत पियानो पाठवत होते आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९७५ साली अपील न्यायालयानं निकाल स्टाइनवेच्या बाजूनं कायम केला. पियानो घेणारा माणूस हजारो डॉलर मोजण्याआधी नीट चौकशी करतो, त्यामुळं पैसे देताना तो फसेल असं नाही. पण 'स्टाइनवेग' ऐकून हे स्टाइनवेचंच भावंड असणार असं समजून तो दुकानात शिरतो, आणि तेवढा गोंधळसुद्धा पुरेसा आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. ट्रेडमार्कच्या कायद्यात हा निकाल आजही शिकवतात. तेव्हापासून अमेरिकेत तो पियानो नुसता 'ग्रोट्रियान' म्हणून विकला जातो. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबर असेल, माझी तक्रार नाही. पण ज्यांनी स्टाइनवेग हे नाव आपणहून टाकून दिलं, त्यांनीच कोर्टात लढून ते दुसऱ्याला वापरू दिलं नाही, हे मला अजून पचत नाही.

बाकी घराण्यांचं म्हणाल तर १९७२ साली स्टाइनवेंनी कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली. कुटुंबातले शेवटचे अध्यक्ष हेन्री झेड. स्टाइनवे २००८ साली वारले. २०१३ पासून मालकी न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूकदाराकडं आहे, आणि ग्रोट्रियानची बरीचशी २०१५ साली हाँगकाँगच्या कंपनीकडं गेली.

तुमच्या घरचा कुठला, हे फोनवर विचारू नका, फोटो पाठवा. कीबोर्डच्या दोन्ही बाजूंचे हात कोपऱ्याला गोल असतील आणि लाकडाला आरशासारखी चकाकी असेल तर बहुधा हाम्बुर्गचा. कोपरे टोकदार आणि रंग मंद काळा असेल तर न्यूयॉर्कचा. झाकणावर शेवटी 'वेग' असेल तर ब्राउनश्वाइगचा. विकताना त्याला स्टाइनवेएवढा भाव येणार नाही. ट्यूनिंगचे पैसे मात्र मी तिघांचे सारखेच घेतो.