घोड्याचे कान आणि हळदीचा अल्बम

शहाद्याचे आमचे एक फोटोग्राफर आप्पा. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी यात्रा भरते, घोडेबाजार लागतो, आणि आप्पा महिनाभर त्याच धामधुमीत असतात. आपल्या घोड्याचा मोठा फोटो दिवाणखान्यात लावायची हौस मालकांना भारी. त्या प्रिंटच्या ऑर्डरी आप्पांच्या वेबसाइटवरून येतात. बाकी वर्षभर लग्नं, हळदी, डोहाळजेवणं. बुकिंगचा सगळा कारभार काकू बघतात.

साइटचं काम माझ्याकडे. यात्रेच्या तोंडावर आप्पांना तिचं रूप बदलून हवं होतं. काळी पार्श्वभूमी, चौकोनी फोटोंची जाळी, वर एक भलामोठा फोटो. थीम, म्हणजे साइटचा असा तयार साज, त्यांनीच विकत घेऊन ठेवली होती.

"टाकून दे ना भो आजच. एका बटनावर बदलते म्हणे."

बदलते एका बटणावर, हे खरं. पण त्याच साइटवर लोकांचे पैसे येतात, लग्नाच्या तारखा धरल्या जातात आणि घराघरांचे खाजगी अल्बम ठेवलेले असतात. पूर्वी कुणीतरी चालू साइटवरच असा बदल करून बघितला होता. त्या दिवशी बुकिंगचा फॉर्म गायब होता आणि ऐन लग्नसराईत काकूंचा फोन गप्प पडला होता. मी त्याची आठवण करून दिली, तेव्हा काकूच आप्पांना म्हणाल्या, "तो म्हणतो तसं होऊ द्या."

मी साइटची हुबेहूब नक्कल वेगळ्या पत्त्यावर उभी केली. आमच्याकडे याला स्टेजिंग म्हणतात. नक्कल करणं सोपं आहे, ती जगापासून तोडणं महत्त्वाचं. चालू साइटवरून काकूंच्या ग्राहकांना आपोआप आठवणीचे मेल जातात: ॲडव्हान्स बाकी आहे, तारीख जवळ आली. नक्कल केली की ते वेळापत्रकही सोबत येतं, आणि त्याच माणसाला तोच मेल दोनदा जातो. म्हणून पहिल्यांदा मेल बंद, मग पैसे घेण्याची सोय टेस्ट मोडवर, म्हणजे खरे पैसे फिरणार नाहीत अशी, मग ग्राहकांचे फोन नंबर आणि ईमेल काढून तिथे खोटे. फोटो मात्र सगळे खरे ठेवले. नमुन्याच्या डोंगर-समुद्राच्या फोटोंवर कोणतीही थीम सुंदरच दिसते.

आणि वर कुलूप. साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट धरू नये' अशी एक खूण करता येते, पण ती नुसती विनंती असते. गूगल ती ऐकतं. लिंक हाती लागलेला माणूस कशाला ऐकेल? ज्या नकलेत लोकांच्या घरचे फोटो आहेत तिला सर्व्हरवरच नाव-पासवर्डचं कुलूप हवं. यावर मी अडून बसतो, ग्राहक कितीही वैतागला तरी.

सगळं तयार झाल्यावर आप्पा आणि काकू जळगावला लग्नासाठी आले होते, ते तसेच गोलाणी मार्केटातल्या आमच्या ऑफिसात आले. मी आप्पांसमोर मोठी स्क्रीन ठेवली. काकूंना म्हटलं, तुम्ही तुमच्याच फोनवर बघा, जसं ग्राहक बघतो तसं.

आप्पांनी घोड्यांचं पान उघडलं आणि पुढे वाकले.

"घोडाना कान कोठे ग्यात रे भो?"

खरंच गेले होते. नव्या थीममध्ये प्रत्येक फोटो चौकोनात बसवला जायचा, आणि उभा फोटो चौकोनात बसवायचा तर वरखाली कापला जाणारच. माणसांच्या फोटोत ते खपलं असतं. पण मारवाडी घोड्याची ओळखच कानांत आहे: आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे. घेणारा आधी कान बघतो. कान कापलेला फोटो यात्रेतल्या माणसाला दाखवणं म्हणजे त्या घोड्याचा अपमान, असं आप्पा म्हणाले, आणि ते रागाने म्हणाले. मी घोड्यांच्या पानापुरती चौकोनी जाळी काढून टाकली. तिथे फोटो आपल्या मूळ मापात, उभा तो उभा, आडवा तो आडवा. बाकी पानांवर काप मधून न घेता वरची बाजू धरून घ्यायला लावला.

मग काठी गावच्या होळीचे फोटो. अक्कलकुवा तालुक्यातली ही राजवाडी होळी पहाटे पेटते. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले नाचणारे, आणि मागे सगळा अंधार. त्या फोटोंची मूळ जान अंधारातच आहे. काळ्या पार्श्वभूमीवर फोटो कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं तेच कळेना. पार्श्वभूमी शुद्ध काळीवरून गडद राखाडी केली तेव्हा फोटोंना कडा आली. ज्वाळेचा केशरी रंगही फिका पडला होता. थीमसोबत आलेलं फोटो हलके करणारं प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम, फाइलमधली रंगाची माहितीच काढून टाकत होतं. आप्पा ॲडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या पद्धतीत फोटो जतन करतात. ती माहिती गेली की ब्राउझर त्याला वेबवरचं नेहमीचं साधं एसआरजीबी समजतो आणि रंग मरतात. आता ते फोटो आधी एसआरजीबीत बदलून मगच चढवायचे, असं ठरलं. आप्पांनी हे स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

हे चाललेलं असताना काकू गप्प होत्या. फोन डोळ्यांशी धरून वर-खाली करत होत्या. मग म्हणाल्या, "याने मला पासवर्ड विचारलाच नाही."

मला वाटलं नकलेच्या कुलपाचं म्हणतायत. "तो सुरुवातीला टाकलात ना काकू."

"तो नाही. हळदीचा."

चोपड्याकडच्या एका घरची हळद. दुपारभर घरातल्या बायका एकमेकींना हळद फासतायत, पाणी उडवतायत, ओल्या साड्यांनी नाचतायत, आजीबाई पदर खोचून मध्ये. मुलीच्या आईने काकूंना बजावून सांगितलं होतं: हे फोटो फक्त आमच्या घरात. त्या अल्बमला पासवर्ड होता आणि तो काकूंनीच ठेवला होता. आणि आता तो अख्खा अल्बम काकूंच्या फोनवर उघडा होता.

माझ्या स्क्रीनवर तो उघडत होता ते साहजिक होतं. वर्डप्रेसमध्ये एकदा पासवर्ड टाकला की तो ब्राउझर 10 दिवस परत विचारत नाही. काकूंच्या फोनने तो कधीच टाकलेला नव्हता. मी ब्राउझरची गुप्त खिडकी उघडली, जिला आधी टाकलेला पासवर्ड आठवत नाही, तोच अल्बम उघडला. सगळा. मग दुसरा, तिसरा. एकालाही कुलूप नाही.

ऑफिसात आम्ही तिघंच होतो, तरी मी स्क्रीन भिंतीकडे वळवली.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. वर्डप्रेस पासवर्डचा फॉर्म पानाच्या मुख्य मजकुराच्या जागी दाखवतं. या थीमचे फोटो मजकुरात नव्हतेच. ती ते वेगळ्या रकान्यातून उचलून स्वतःच्या साच्यात मांडत होती. अशा साच्यात 'या पानाला पासवर्ड लागतो का' हे तपासणारी ओळ बनवणाऱ्याने स्वतः लिहावी लागते. ती लिहिलेली नव्हती. म्हणजे वरच्या मजकुराच्या जागी फॉर्म येत असेल, पण त्याखाली फोटो बिनधास्त. आमच्या अल्बमला मजकूरच नसल्यामुळे थीम तो भाग सरळ वगळत होती, म्हणून फॉर्मही दिसला नाही.

मी चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आपले बदल ठेवायच्या वेगळ्या थीममध्ये, त्या साच्याची प्रत घेतली आणि सगळ्यात वर ती तपासणी घातली: पासवर्ड लागत असेल तर फॉर्म दाखव आणि तिथेच थांब. मूळ थीमला हात लावला नाही, नाहीतर पुढच्या अपडेटला ही दुरुस्ती पुसली गेली असती. मग काकूंच्याच फोनवरून साइटचे कानेकोपरे धुंडाळले. मुख्य पानावरच्या 'नवीन कामं' मध्ये कुलूपबंद अल्बमचे मुखपृष्ठाचे फोटो येत होते. शोधाच्या पानावरही येत होते. तीही दारं लावली. काकू प्रत्येक वेळी म्हणत होत्या, "परत बघू दे." मला त्यांचं ते परत-परत बघणं फार मोलाचं वाटलं. त्या मुलीच्या आईला शब्द काकूंनी दिला होता, थीम बनवणाऱ्याने नव्हे.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजच टाक म्हणत होतो मी."

साइट चढवली ती रात्री उशिरा, ऑर्डरी येत नाहीत अशा वेळी. चढवताना फक्त थीमच्या फाइली नेल्या, बुकिंगसकट सगळी माहिती जिथे साठते तो डेटाबेस नेला नाही. नकलेवर काम चालू असताना चालू साइटवर नवी बुकिंगं आली होती. नकलेचा डेटाबेस त्यावर ओतला असता तर ती सगळी पुसली गेली असती. मेन्यू आणि रंगाच्या दोन-चार सेटिंग हाताने केल्या. आधीचा पूर्ण बॅकअप होताच, जुनी थीमही जागेवर ठेवली, म्हणजे काही बिघडलं तर परत फिरता येईल. साठवलेली जुनी पानं साफ केली. मग शहाद्याला फोन लावला. काकू जाग्याच होत्या. त्यांनी आधी हळदीचा अल्बम उघडला.

"विचारतोय," त्या म्हणाल्या. मग चुकीचा पासवर्ड टाकून बघितला, तो चालला नाही. बरोबर टाकला, उघडला. नंतर घोडे.

एक काम अजून शिल्लक आहे. वर्डप्रेसचा पासवर्ड पानाला लागतो, फोटोच्या फाइलला नाही; फाइलचा थेट पत्ता कुणाकडे गेला तर ती उघडते. हे मी दोघांनाही सांगितलं आहे. घरगुती अल्बमचे फोटो आता सर्व्हरवर अशा जागी हलवायचेत, जिथून पासवर्ड तपासल्याशिवाय फाइल मिळणारच नाही. त्यासाठी नकलेवर काम सुरू झालंय. ते होईपर्यंत नवा कोणताही घरगुती अल्बम साइटवर चढवायचा नाही, असं काकूंनी आप्पांना सांगून टाकलंय. यात्रेनंतरच्या लग्नांचे फोटो तोवर पेनड्राइव्हवर, हातोहात.