नऊ दिवसांची यादी

२५ जून २०२५, बुधवार. मी भलत्याच एका फाईलमध्ये डोकं घालून बसले होते, तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर लिंक आली. यादी बदलली होती. कॅनडात शिक्षण संपल्यावर काम करायचा जो परवाना मिळतो, पीजीडब्ल्यूपी, त्याला पात्र असलेल्या विषयांची यादी. ११९ विषय नव्याने घेतले, १७८ काढून टाकले. मी पान उघडलं आणि शोधच्या चौकटीत एका विषयाचा कोड टाइप केला. सहा आकडी, दोन आकड्यांनंतर टिंब. तो मला तोंडपाठ होता. चौकटीच्या कडेला उमटलं: ०/०. टिंब राहिलं असेल म्हणून पुन्हा टाइप केला. ०/०.

तो कोड ज्या मुलीचा होता तिची फाईल आदल्या शुक्रवारपासून तयार होती. ती मी अडवून ठेवली होती.

मी ऑन्टारिओत परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार आहे. त्या मुलीचा विषय इथे सांगत नाही, कारण तो कळला तर ती कोण हे ओळखणारी माणसं आहेत. एवढंच सांगते की विज्ञानाची तीन वर्षांची पदवी झाल्यावर त्याच विषयात, प्रत्यक्ष हाताने काम करायला शिकवणारा दोन वर्षांचा डिप्लोमा तिला करायचा होता. कॉलेज सरकारी, प्रवेश जानेवारी २०२६ चा.

पहिल्या कॉलवर वडीलच बोलत होते. "मॅडम, पीआर कुठल्या कोर्सला मिळतो?" पीआर म्हणजे इथे कायमचं राहायचा हक्क. बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि त्याचं सरळ उत्तर असं की कुठल्याच नाही. शिक्षणाचा कोड वेगळा, नोकरीचा वेगळा. शिक्षणाचा कोड ठरवतो की तुम्हाला इथे थांबून काम करता येईल की नाही. पुढे पीआरसाठी बघतात तो नोकरीचा पाच आकडी कोड, भाषेची परीक्षा, वय. इथल्या एक-दोन वर्षांच्या डिप्लोम्याचे जादा गुण १५, तीन वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षणाचे किंवा मास्टर्सचे ३०, आणि सगळी बेरीज १२०० पैकी. फ्रेंच चांगलं येणाऱ्याला २०२५ मध्ये निवडीच्या एका फेरीत ३७९ गुणांवर पीआरच्या अर्जाचं आमंत्रण आलं, आणि इथे वर्षभर काम केलेली इंग्रजी बोलणारी मुलं पाचशेच्या वर गुण असूनही ताटकळत राहिली. हे मी दर वेळी सांगते. पालक ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "ते ठीक आहे, पण कुठला कोर्स?" त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. घर तारण ठेवणाऱ्या माणसाला काहीतरी पक्कं हातात हवं असतं. राग येतो तो एजंटांचा. कॉलेजकडून कमिशन घेऊन तेच कॉलेज खपवायचं आणि वर "पीआर गॅरंटी" म्हणायचं. त्यातल्या कित्येकांकडे पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा परवानाही नसतो.

त्या कॉलवर मी तिला माझा नेहमीचा प्रश्न विचारला: पीआर नाहीच मिळालं, तर हाच विषय शिकायला आवडेल का? या प्रश्नावर मुलं अडखळतात, वडिलांच्या तोंडाकडे बघतात. हिने माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच "हो ताई" म्हटलं आणि आपण होऊन विषयाबद्दल बोलायला लागली. पाच-सात मिनिटं बोलत होती. वडील मधे पडले नाहीत. इतक्या वर्षांत असं माझ्यासमोर फार कमी वेळा घडलंय.

नियम असा आहे: १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्याला, तो बॅचलर्स, मास्टर्स किंवा पीएचडीला जात नसेल तर, यादीतलाच विषय लागतो. तिचा विषय यादीत होता. मी कोड तपासला, कॉलेजच्या पत्रावरचा कोर्स आणि हा कोड एकच आहेत ना ते कॉलेजकडून लेखी घेतलं. हे पुष्कळ जण करत नाहीत. कोर्सच्या नावावर जातात, आणि एकाच नावाचे दोन कोर्स दोन कॉलेजांत वेगवेगळ्या कोडखाली असू शकतात.

मग फाईल अडवली कशासाठी? स्टडी प्लॅनच्या, म्हणजे काय आणि का शिकायचं ते अधिकाऱ्याला सांगणाऱ्या पत्राच्या, शेवटच्या परिच्छेदासाठी. तो परिच्छेद म्हणजे माझ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि तो मला चांगला जमतो असं मी मानते. विद्यार्थ्याने अधिकाऱ्याला पटवायचं असतं की मुदत संपली की मी देश सोडेन. त्याच वेळी कायद्याचं कलम २२(२) म्हणतं की पुढे कायमचं राहायची इच्छा असणं हा गुन्हा नाही. दोन्ही खरं असू शकतं, आणि दोन्ही खरं आहे हे सात-आठ ओळींत, खोटं न बोलता, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत उतरवायचं. तिचा परिच्छेद कुणीही लिहावा तसा झाला होता. शुक्रवारी, २० जूनला, मी तिला म्हटलं, "जानेवारीचा प्रवेश आहे, घाई नाही. शनिवार-रविवार घे, परत लिही." सोमवारी तिने पाठवला. सुरेख लिहिला होता. मंगळवार माझा दुसऱ्या एका सुनावणीत गेला. बुधवारी संध्याकाळी अर्ज भरायचा ठरलं होतं.

२५ जूनच्या आधी ज्यांनी अर्ज भरला त्यांचा विषय यादीतून गेला तरी त्यांचा हक्क शाबूत होता. अर्जाची तारीख धरतात. शुक्रवारी भरला असता तर तिचा विषय शाबूत राहिला असता. चार दिवस.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "तू तिला दिलेल्या पत्रात 'आजच्या तारखेला पात्र' असं लिहिलंयस ना? मग तुझ्यावर काही येत नाही." माणूस हुशार आहे, कायद्याने त्याचं म्हणणं बरोबरही आहे. पण त्या क्षणी त्याला आधी हे सुचावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. मी आधी सांगितलं की फाईल मी थांबवली होती, शुक्रवारी गेली असती तर हा प्रश्न आला नसता. वडील काही बोलले नाहीत. तीच म्हणाली, "ताई, परिच्छेद तर मीच खराब लिहिला होता." तिने असं म्हणणं मला त्या दिवशी सगळ्यात जड गेलं.

मग पर्याय काढले. विद्यापीठाची बॅचलर्स घेतली तर यादी लागूच होत नाही, पण चार वर्षांची फी त्यांच्या आवाक्याबाहेर. मास्टर्सलाही यादी लागत नाही, आणि फेब्रुवारी २०२४ पासून एक वर्षाच्या मास्टर्सलाही तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. खरं तर हाच तिचा रस्ता होता. पण तिची पदवी तीन वर्षांची. ज्या दोन विद्यापीठांत तिचा विषय होता त्यांनी चार वर्षांचं शिक्षण मागितलं. तिसरा पर्याय, थांबायचं. मी म्हटलं, यादी एवढी अचानक बदललीय तर थोडे दिवस जाऊ देत, काही खुलासा येईल. पण येईलच असं मी कशाच्या जोरावर सांगणार होते? त्यात १ सप्टेंबरपासून खर्चासाठी दाखवायची रक्कम २०,६३५ डॉलरवरून २२,८९५ होणार होती. वडिलांना ती तारीख ओलांडायची नव्हती.

चौथा पर्याय माझा नव्हता. तिच्या एका मावसभावाने काढला. नव्या ११९ विषयांत शिक्षणक्षेत्र आलं होतं, त्यात बालशिक्षण. कोड १३.१२१०. मे महिन्यात शिक्षणक्षेत्राची पीआरची खास फेरी झाली होती, कटऑफ ४७९. भावाने तो आकडा कुठल्या तरी व्हिडिओत बघितला होता. वडिलांनी तो मला तीन वेळा सांगितला. "मॅडम, चारशे एकोणऐंशी." मी सांगितलं की ती फेरी त्या क्षेत्रात आधीच काम करणाऱ्यांची होती, ही मुलगी तिथवर पोचेल तेव्हा कटऑफ काय असेल आणि ते क्षेत्र तरी यादीत असेल का हे कुणीच सांगू शकत नाही. हेही सांगितलं की बालशिक्षण म्हणजे पोरं सांभाळणं नव्हे. ऑन्टारिओत त्याला वेगळी नोंदणी लागते, बालवाडीतली प्रत्यक्ष कामाची सत्रं असतात, दिवसभर गुडघ्यांवर बसून दोन-तीन वर्षांच्या मुलांबरोबर राहायचं असतं. ज्याला मनापासून आवडतं त्याने करावं असं ते काम आहे, आणि पीआरसाठी त्यात शिरलेली माणसं वर्षभरात गळताना मी पाहिली आहेत.

२ जुलै. आदल्या दिवशी कॅनडा डेची सुट्टी होती. कॉलवर दोघं होते. मी तोच प्रश्न विचारला: पीआर नाहीच मिळालं, तर बालशिक्षण शिकायला आवडेल का? ती गप्प राहिली. पडद्यावर ती मला दिसत होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग वडील म्हणाले, "आवडेल की. मुलं कुणाला आवडत नाहीत?" ती म्हणाली, "हो."

तिथे मी थांबायला हवं होतं का? परत परत मनात येतं ते हेच. तिला एकटीला फोन करता आला असता. ती सज्ञान आहे, अशील ती होती, वडील नव्हते. पण चार दिवस मी वाया घालवले होते, आणि ज्याच्या हातून नुकसान झालं त्यानेच पुन्हा "थांबा" म्हणावं एवढा धीर माझ्याकडे त्या दिवशी नव्हता. ३ जुलैला तिने त्याच कॉलेजात कोर्स बदलला. जुन्या कोर्सची जागा सोडली.

४ जुलैला, शुक्रवारी, इमिग्रेशन खात्याने काढलेले सगळे विषय यादीत परत घातले. पुढचा बदल २०२६ च्या सुरुवातीला, एवढं लिहिलं होतं. मी कोड टाइप केला. १/१.

असा बदल खात्याने आधी कळवायला हवा. महिनाभराची सूचना पुरे झाली असती. नऊ दिवसांसाठी १७८ विषय काढून पुन्हा घालणाऱ्यांना त्या नऊ दिवसांत किती घरांत काय काय झालं हे कधी कळणार नाही, कारण ते कुठल्याच फॉर्मवर येत नाही. तिच्या अर्जात पहिला विषय कधी नव्हताच.

मी लगेच फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, तरी वडिलांनी उचलला. मी म्हटलं, सोमवारी कॉलेजला लिहून जुनी जागा मागू, मी स्वतः बोलते. ते म्हणाले, "मॅडम, आज परत घातला तर उद्या परत काढतील. आता नाही बदलायचं." त्यांचं काय चुकलं? नऊ दिवसांत जे शिकायला मिळालं तेच ते बोलत होते. सोमवारी मी तरीही कॉलेजला विचारलं. जानेवारीची तुकडी भरली होती.

नव्या कोर्ससाठी नवा स्टडी प्लॅन. अधिकारी विचारणारच: विज्ञानाची पदवीधर बालशिक्षणात का? मागच्या शिक्षणाशी न जुळणारा कोर्स हे अर्ज नाकारायचं नेहमीचं कारण आहे. आणि खोटं लिहिता येत नाही. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं बंदी. तिने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की लहानपणापासून तिचं हेच स्वप्न होतं. मी ते वाक्य खोडायला लावलं. मग दोन तास आम्ही दोघी फोनवर बसून खरं काय आहे ते शोधत राहिलो. कॉलेजात असताना तिने शेजारच्या चार मुलांच्या शिकवण्या दोन वर्षं घेतल्या होत्या. त्यातला एक मुलगा अक्षरं उलटी काढायचा. ती त्याला ताटात रवा पसरून बोटाने गिरवायला लावायची. हे ती सहज बोलून गेली आणि मी म्हटलं, हेच लिही. तिने लिहिलं. शेवटचा परिच्छेद या वेळी पहिल्याच फटक्यात जमला होता. तयार झाला त्याच दिवशी अर्ज भरला.

ऑक्टोबरमध्ये परमिट मंजूर झालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाहीर झालं की १ जानेवारी २०२६ पासून सरकारी संस्थांत मास्टर्सला येणाऱ्यांना स्टडी परमिटच्या अर्जासोबत जोडायचं प्रांताचं पत्र लागणार नाही. ते वाचतानाही मला तीच आठवली, जरी तिच्या अडचणीशी त्या पत्राचा संबंध नव्हता. तिच्या फाईलमध्ये यादीच्या दोन छापील प्रती आहेत, २५ जूनची आणि ४ जुलैची. फाईल बंद करताना जादा कागद काढून टाकायचे असतात. या दोन मी काढल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. राहायची सोय, थंडीचे कपडे, बँकेचं खातं, सगळे नेहमीचे प्रश्न. शेवटी एक ओळ: "ताई, तिथल्या लायब्ररीतून आपल्या कोर्सची नसलेली पुस्तकं पण घेता येतात का?"

मी लिहिलं, येतात, विद्यार्थ्याच्या कार्डावर कुठलीही येतात. आणि तिच्या जुन्या विषयाचं शेल्फ कितव्या मजल्यावर आहे ते कॉलेजच्या लायब्ररीत फोन करून विचारलं. तिसऱ्या. तेही तिला कळवलं.