मुंग्या निघाल्या

दुपारी खिडकीशी पेंगत बसले होते. भिंतीवरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. झालं! उठले आणि दोरीवरचे अर्धवट वाळलेले कपडे भराभर आत ओढले.

घरात या सवयीची यथेच्छ चेष्टा होते. फोनवर तासातासाचा अंदाज मिळतो आणि ही बाई मुंग्यांचं ऐकते! ऐकते खरी. मीठ ओलसर झालं, दार चौकटीत अडकायला लागलं, की माझी धावपळ सुरू. चंद्राला खळं पडलं तर दुसऱ्या दिवशीचे बेतच रद्द. उंचावरच्या विरळ ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वळतो, म्हणून ते कडं दिसतं. आणि असे ढग पुष्कळदा खराब हवेच्या पुढे चालत येतात. पुष्कळदा. नेहमी नाही, हे मला फुकट गेलेल्या बेतांवरून कळलंय.

माझ्याहून वेडा माणूस होऊन गेलाय, तेवढाच आधार. जॉर्ज मेरीवेदर नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात वादळाची वर्दी देणारं यंत्र मांडलं होतं. बारा बाटल्या, प्रत्येकीत एक जळू. वादळ येणार असलं की जळवा वर चढणार आणि घंटा वाजणार. बाटल्या गोलात ठेवलेल्या, का तर जळवांना एकमेकी दिसाव्यात, एकटं वाटू नये! यंत्राचा पुढे प्रसार झाला नाही. या डॉक्टराबद्दल मला मात्र भारी जिव्हाळा.

आजीचं यंत्र म्हणजे तिचा गुडघा. ठणकला की पाऊस, विषय संपला. पण विजांच्या रात्री ती आकड्यांवर यायची. चमकलं की गडगडेपर्यंत मोजायचं. तीन सेकंदांना एक किलोमीटर. आम्ही भावंडं तिच्या पांघरुणात घुसलेली, आणि ती एका दमात म्हणतेय, एकदोनतीनचारपाच… बारावर गडगडायचं. "चार किलोमीटर लांब आहे. झोपा." आम्ही झोपायचो. खूप वर्षांनी एका रात्री घड्याळाकडे बघत मोजलं, तेव्हा लक्षात आलं, आजी फार भराभर मोजायची.

बाहेर ऊन लख्ख आहे. सकाळी कुंडीत मीच बदाबदा पाणी ओतलं होतं, मुंग्यांचं बिऱ्हाड त्यानंच हललं असणार. कपडे पुन्हा दोरीवर टाकायला हवेत. टाकते थोड्या वेळानं.