लाल टोपी, मक्याचे दाणे आणि एक चकली

पहाटे साडेपाचला ओतोवा पुलावर पोचलो, तर आमच्या आधी तीसेक ट्रायपॉड कठड्याला लागलेले! पारा उणे सतरा. अंगावर पाच थर, वर आईने विणलेली कानटोपी, तरी पायाची बोटं जागेवर आहेत का, असं वाकून बघावंसं वाटत होतं.

हे जपानच्या होक्काइदो बेटावरचं त्सुरुई गाव. शेजारची कुशिरो पाणथळ १९८० मध्ये जपानची पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली. (महाराष्ट्रात तो पहिला मान नांदूर मध्यमेश्वरला, २०२० मध्ये.) थंडीत दलदल गोठते, पण पुलाखालची सेत्सुरी नदी झऱ्यांच्या पाण्यामुळे वाहती राहते. म्हणून तांचो, म्हणजे लाल टोपीचे क्रौंच, रात्री तिच्या उथळ पाण्यात उभ्यानेच झोपतात. बाहेरच्या हवेपेक्षा ते पाणी उबदारच की!

उजाडलं तशी वाफ वर सरकली, काठच्या झाडांची काडीन् काडी पांढरी दिसायला लागली. मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि नेमका माझाच श्वास भिंगावर जाऊन गोठला. पुसेपर्यंत पाच पक्षी उडून गेले. कॅमेऱ्याची बॅटरी तर आधीच बसली होती.

नऊच्या सुमारास गावातल्या अभयारण्यावर गेलो. तिथे बर्फावर मका टाकतात. मला हे पटत नाही. मुंबईत सीगलना शेव-गाठी घालणाऱ्यांशी मी बोटीवर चक्क भांडलेय. पण इथली गोष्ट वेगळी निघाली. जपानातून हे पक्षी संपलेच असं धरलं होतं; १९२४ च्या सुमारास याच दलदलीत मोजके सापडले. १९५२ च्या गणतीत भरले फक्त ३३. त्याच सुमारास कडाक्याच्या थंडीत उपाशी पक्षी शेतात आले आणि शेतकऱ्यांनी मका घातला. आज ते दीड हजाराहून जास्त आहेत. आता एकाच जागी गर्दी नको, पक्षी पांगावेत, म्हणून सरकारने दाणे कमी करत आणलेत. म्हणजे माझं भांडण अगदीच चुकीचं नव्हतं, एवढं मी नवऱ्याला ऐकवून घेतलं.

मग एक जोडी कुंपणापासून वीस पावलांवर आली. ती टोपी पिसांची नसतेच. उघडी, खरबरीत लाल कातडी. दोघांनी माना मागे टाकल्या. नराचा एक लांब टाहो, त्यावर मादीचे दोन तुटक. आणि प्रत्येक हाकेबरोबर चोचीतून वाफेचा एकेक पुंजका. गोंदियाला सारसांचं असंच युगुलगान ऐकलंय, पण तिथे ते नुसतं कानांनी. इथे हाका चक्क दिसत होत्या.

परतीच्या बसथांब्यावर पुण्याहून आणलेल्या चकल्यांचा डबा उघडला. समोरच्या बर्फाच्या ढिगावर एक जाडजूड कावळा येऊन बसला आणि मान वाकडी करून माझ्या हाताकडे बघायला लागला.

मी पाठ फिरवून चकली संपवली.