दोन पदके, एक साखळी

साखळी तुटली म्हणून बाजूला ठेवलेली, किंवा एकेकटी घातल्यावर गळ्यात अगदीच किरकोळ दिसणारी काही पदके माझ्याकडे बरेच दिवस पडून होती. त्यांतली दोन-तीन एकत्र करून नवे हार जुळवायला मी सुरुवात केली, तेव्हा सुंदर पदके शेजारी शेजारी आली की हारही आपोआप सुंदर होईल, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात हार पदकांपेक्षाही त्यांच्यातल्या जोडांनी आणि मधल्या रिकाम्या जागेने घडतो, हे हळूहळू लक्षात आले.

पहिला प्रयत्न सर्वांत सोपा होता. तीन पदके एकाच साखळीत ओवली. ती गळ्यात घालताच तिन्ही घसरून मधोमध गोळा झाली, एकमेकांवर चढली आणि एकही धड दिसेना. मोकळी साखळी कमानीसारखी लोंबते. तिच्यावर वजन आले की ती मध्यभागी टोकदार होते आणि सरकू शकणारी प्रत्येक वस्तू त्या टोकाकडे धावते. म्हणून पदके साखळीत ओवण्याऐवजी साखळीच्या ठरावीक दुव्यांना अडकवावी लागतात, किंवा त्यांच्यामध्ये मणी घालून अंतर राखावे लागते. मला पहिला मार्ग अधिक आवडतो, कारण त्यात साखळीचा नाजूकपणा टिकतो.

अडकवण्यासाठी जोडकडी, म्हणजेच जंप रिंग, लागते. ती दिसायला क्षुल्लक असली तरी सगळ्या रचनेची दिशा तिच्या हाती असते, कारण प्रत्येक जोडकडी तिच्या खालच्या वस्तूला काटकोनात वळवते. वरच्या पदकाच्या तळाशी समोरून मागे जाणारे भोक असेल आणि खालच्या पदकाची कडी डावीकडून उजवीकडे जाणारी असेल, तर एका जोडकडीने जोडलेले खालचे पदक आपल्याकडे धार करून उभे राहते. अशा वेळी दुसरी जोडकडी घातली की ते पुन्हा समोर तोंड करते. दोन्ही भोके समोरून मागे जाणारी असतील, तर मात्र एकच पुरते. हे उमगेपर्यंत मी कितीतरी वेळा सगळे सोडून पुन्हा जोडले आहे.

कडी उघडताना तिची टोके बाहेरच्या बाजूला ताणू नयेत, कारण मग गोलाई बिघडते आणि फट पुन्हा नीट मिटत नाही. दोन पकडींनी दोन टोके धरून एक पुढे आणि एक मागे सरकवावे, आणि बंद करताना तसेच उलट आणावे. लहान पदकांना 20 गेजची, म्हणजे साधारण 0.8 मिलिमीटर जाडीची तार पुरते. जड पदकांसाठी मी 18 गेजची, म्हणजे सुमारे 1 मिलिमीटरची घेते. आवडते आणि मौल्यवान पदक असेल, तर कडीचा सांधा डाख देऊन बुजवून घेणे केव्हाही चांगले.

पदके एकमेकांना काय करतात, याचा विचार मी उशिरा केला आणि त्याची किंमत एका मोत्याने मोजली. स्फटिकाच्या लोलकाशेजारी मी एक मोती लावला होता. चालताना दोघे सतत एकमेकांवर घासत राहिले आणि काही महिन्यांत मोत्याची त्या बाजूची झळाळी गेली. वस्तूचा कठीणपणा 1 ते 10 अंकांत सांगणाऱ्या मोहस् मापनात स्फटिकाचा कठीणपणा 7 आहे, तर मोत्याचा केवळ 2.5 ते 4.5, म्हणजे हा सामना मुळातच बरोबरीचा नव्हता. पोवळेही असेच मऊ असते. मला त्या मोत्याचे आजही वाईट वाटते. तेव्हापासून मऊ वस्तू मी वेगळ्या उंचीवर, दोनेक सेंटीमीटरच्या बारीक साखळीच्या तुकड्याला टांगते, म्हणजे ती कठीण खड्याच्या खाली एकटी झुलते. सोन्याचा मुलामा दिलेल्या पदकालाही हीच काळजी हवी, कारण घर्षणाने तो पातळ थर उडून जातो.

वजनही विसरून चालत नाही. एकाच आकाराचे शुद्ध सोन्याचे पदक चांदीच्या पदकाच्या पावणेदोन पटींहूनही थोडे जास्त जड भरते. जड पदक बाजूला आणि हलके मध्ये आले, की हार हळूहळू फिरतो आणि मागचा हुक पुढे येऊन बसतो. म्हणून सर्वांत जड पदक मध्यभागी असावे, असा माझा जवळपास पक्का नियम आहे.

रंग आणि आकार जुळवताना मी एकच गोष्ट समान ठेवते: धातू, खडा किंवा बाह्यरेषा. सगळेच जुळले तर तो संच वाटतो, काहीच न जुळले तर गर्दी. आकारात मात्र ठळक फरक हवा, कारण जवळपास सारख्या मोठ्या दोन पदकांपैकी कोणाकडे पाहावे, हे डोळ्याला ठरवता येत नाही.

पदके एकाच साखळीत बसत नसतील, तर 40, 45 आणि 50 सेंटीमीटरच्या तीन साखळ्या एकत्र घालणेही छान दिसते; फक्त त्या मागे एकाच हुकात जोडलेल्या असाव्यात, नाहीतर एकमेकींत गुंततात.

सध्या माझ्या गळ्यात चांदीचे लंबगोल पदक आहे, त्याच्या तळाशी दोन जोडकड्यांवर एक छोटे पान आहे, आणि त्या पानाखाली तोच एका बाजूने निस्तेज झालेला मोती आहे. निस्तेज बाजू आतल्या अंगाला वळवली आहे.