आजी काय खाते?

"तुमच्या आजी काय खातात हो?"

लिफ्टमध्ये विचारतात, बँकेत माझ्या काउंटरला विचारतात, लग्नाच्या पंगतीत तर हटकून. माझी आजी अठ्ठ्याण्णवच्या आसपासची आहे, दापोली तालुक्यात गावी असते आणि आपलं आपण करते. आजवर मी "नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं" एवढं सांगून सटकत आले. ते खोटं नाही, पण त्यातून फक्त कुळथाचा खप वाढतो. परवा कुलकर्णी काकूंनी वही-पेन घेऊन विचारलं, तेव्हा म्हटलं, आता एकदा सगळं सांगून टाकू.

आधी वयाचं. "आसपास" म्हणते, कारण आधार कार्डावर आजीचा जन्म १ जानेवारीचा आहे आणि तिच्या वयाच्या अर्ध्या गावाचाही १ जानेवारीचाच. आमचा हिशेब रामदास बोटीवरून. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे जाणारी ती बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली, तेव्हा आजीचा थोरला रांगत होता. त्यावरून मागे मोजायचं. वर्ष-दोन वर्षं इकडे तिकडे.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण दीर्घायुष्याच्या पुष्कळ कहाण्या अशाच कागदावर उभ्या आहेत. २०१० साली टोकियोतले सर्वांत वयस्क पुरुष, १११ वर्षांचे सोगेन काटो, यांना भेटायला अधिकारी गेले तर आत वाळलेलं प्रेत. माणूस तीसेक वर्षांपूर्वीच गेलेला, पेन्शन मात्र चालू. मग नोंदी तपासल्या, तेव्हा कागदावर शंभरी ओलांडलेल्या दोन लाखांवर लोकांचा पत्ताच लागेना. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकाने तर दाखवून दिलं, की जिथे जन्माच्या नोंदी कच्च्या, तिथेच शंभरीपारचे लोक जास्त. त्याला २०२४ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. तेव्हा कुठल्या तरी बेटावरचे लोक अमुक भाजी खाऊन शंभर वर्षं जगतात असा व्हिडिओ आला, की मी आधी त्यांच्या ग्रामपंचायतीचं दप्तर मनात आणते.

आता खाण्याचं. सकाळी पेज, दुपारी भात, कुळीथ, मिळाली तर सुकट. दोन वेळा चहा, त्यात साखर मुंग्या लागतील एवढी. आणि एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही: गेली ऐंशी वर्षं आजी उठल्या उठल्या दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावते. मागच्या पडवीत बसून, डाव्या तळव्यावर चिमूट घेऊन, तर्जनीने, चांगली पंधरा मिनिटं. हे सांगितलं तर उद्या कुणी तेही वहीत उतरवून घ्यायचं. फ्रान्समधल्या जान काल्मां १२२ वर्षं जगल्या आणि ११७ व्या वर्षापर्यंत सिगारेट ओढत होत्या, म्हणून काय सिगारेट धरायची? आजीच्या धाकट्या बहिणीला तोंडाचा कॅन्सर झाला, तो याच मिश्रीने. तिला काय खाता म्हणून विचारायला कुणी आलं नाही, कारण ती विचारण्याच्या वयाला पोचलीच नाही.

मुद्दा इथेच आहे. आजीच्या आईला नऊ मुलं झाली, मोठी झाली चार. जेवायच्या वयाला आलेल्या सगळ्यांच्याच पानात तीच पेज आणि तेच कुळीथ होतं. एक पटकीने गेलं, दोन तापाने, एक जन्मतःच. आणि एक भाऊ देवीने. ही गोष्ट आजी अजून सांगते. देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा माणूस गावात आला, की आया पोरांना लपवायच्या. भाऊ पेंढ्याच्या उडवीत शिरला तो सापडलाच नाही. आजी माळ्यावर शिंकली आणि सापडली. तिच्या दंडावर अजून ते दोन गोल व्रण आहेत, चवलीएवढे, सुरकुत्यांत आता थोडे लांबट झालेले. दोन वर्षांनी गावात देवी आल्या. "शिंकले म्हणून हाय," असं ती म्हणते, आणि माझ्या मते तिच्या आयुष्याचं याहून नेमकं निदान कुठला डॉक्टर करणार नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडे सरासरी आयुर्मान ३२ च्या घरात होतं. माणसं बत्तिशीत म्हातारी होऊन मरत होती असा त्याचा अर्थ नव्हे. पोरं पाळण्यात जायची, बायका बाळंतपणात, आणि सरासरी खाली यायची. आज ते ७० च्या घरात आहे. मधल्या काळात आपण जास्त सात्त्विक खायला लागलो म्हणून नव्हे. लस आली, विहिरीत जंतू मारणारी टीसीएल पावडर पडायला लागली, सुईणीच्या जागी नर्स आली. "जुनी माणसं बघा कशी टणक" म्हणतो तेव्हा आपण उरलेली चार मोजतो, गेलेली पाच मोजत नाही.

मग उरलेल्यांत आजीच इतकी का टिकली? नशीब, रक्त, हे आहेच. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्यात चूक आमची होती.

सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूसाठी तिला पुण्याला आणलं. ऑपरेशन छान झालं. आम्ही म्हटलं, राहू दे आता, आयुष्यभर खपली. तीन महिने ठेवलं. पाचवा मजला, सोफा, कमोड, हातात चहा. "आजी, तू बस" हे वाक्य घरात दिवसातून वीस वेळा व्हायचं. गावी ती पाटावरून उठते ती एक तळवा गुडघ्यावर टेकून, एका झटक्यात. पुण्यात तिसऱ्या महिन्यात सोफ्यावरून उठायलाही माझा हात मागायला लागली. मला वाटलं, वय झालं. वय तर आधीही झालेलंच होतं!

पुढे वाचनात आलं, की ब्राझीलमध्ये याच गोष्टीची परीक्षा घेतात. जमिनीवर बसायचं, उठायचं; हात किंवा गुडघा टेकला की दहातला एक गुण गेला. २०१२ साली दोन हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कमी गुणवाले पुढच्या काही वर्षांत जास्त संख्येने गेलेले दिसले. २००७ चा एक अमेरिकन प्रयोग तर मला फारच लागला: धडधाकट वयस्कांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं सुमारे किलोभर मांस झडलं. आम्ही तीन महिने ठेवलं होतं, तेही प्रेमाने.

जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी हे १९५३ मध्येच मांडलं होतं. लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यांनी तपासले. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. (माझे काका बेस्टमध्ये कंडक्टर होते. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, आमच्या डबलडेकरला वर एक, खाली एक असे दोघे असायचो, आम्ही कशाला जिने चढतोय!) मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. आमच्याच तालुक्यातल्या मुरुडचे महर्षी कर्वे १०४ वर्षं. ते तर परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले होते आणि लहान दिसतोस म्हणून त्यांना बसू दिलं नाही, ते वेगळं.

तर आजीला परत गावी सोडलं. मे महिना होता, रातांबे आलेले. आईने तिला उंच खुर्ची दिली, ती तिने मांजराला दिली आणि खाली बसली. रातांबा फोडायचा, बी एकीकडे, साल एकीकडे, साली आगळात, म्हणजे रातांब्याच्याच खारवलेल्या रसात, बुडवून उन्हात, वाळल्या की पुन्हा आगळात, पुन्हा उन्हात. दर पुटाला उठायचं, अंगणात जायचं, परत येऊन बसायचं. पहिले चार दिवस भिंत धरून उठत होती. महिनाअखेर एक तळवा गुडघ्यावर आला. आमसुलं तिच्याशिवाय आमच्याकडे कुणाला नीट जमत नाहीत, निदान तिचं तसं मत आहे आणि आम्ही ते खोडत नाही.

हे सगळं मी कुलकर्णी काकूंना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, वही मिटली, आणि म्हणाल्या, "म्हणजे रोज एक आमसूल!"

गेल्या खेपेला अर्धा किलो आणून दिली.